घराच्या सौद्यातील दलाली : मध्यस्थ कोणाचा, मोबदला कोणाकडून?

मनुष्य आयुष्यात असंख्य वस्तू विकत घेतो, परंतु घर बहुधा एकदाच घेतो. वर्षानुवर्षांची बचत, पत्नीचे दागिने, गावाकडील जमिनीचा हिस्सा, आखाती देशात घालविलेल्या वर्षांची कमाई असे सर्व काही त्या एका सौद्यात ओतले जाते. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये त्या वेळी बहुधा एक तिसरी व्यक्ती उभी असते. तिला कोणी दलाल म्हणतो, कोणी इस्टेट एजंट. खरेदीदार घराच्या भिंती तपासतो, नळाला पाणी किती वेळ येते हे विचारतो, मशीद आणि शाळा किती अंतरावर आहेत याची चौकशी करतो. परंतु ही तिसरी व्यक्ती कोणाच्या बाजूने काम करीत आहे आणि तिला कोणाकडून किती मिळणार आहे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्पर राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा त्यातून वगळला आहे. राजीखुशी ही अट लहान नाही. जी गोष्ट माणसाला ठाऊकच नाही, तिला तो राजी कसा होणार? खरेदीदाराच्या खिशातून जाणारी दलाली त्याला न सांगता किमतीत मिसळली गेली असेल, तर त्या रकमेपुरती त्याची संमती घेतलीच गेली नाही. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने दलालीच्या नियमांचा विचार करावयाचा आहे.

दलालीचा व्यवसाय वैध आहे काय?

काही धार्मिक वृत्तीचे लोक दलालीला मुळातच संशयित कमाई समजतात. हा समज बरोबर नाही. अरबीत दलालाला ‘सिमसार’ म्हणतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळी मदीनेच्या बाजारातील मंडळी याच बिगर-अरबी नावाने ओळखली जात. ह. कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, एकदा पैगंबर (स.) त्यांच्याजवळून गेले आणि त्यांना या नावापेक्षा अधिक चांगल्या, म्हणजे ‘व्यापारी’ या नावाने त्यांनी संबोधिले. त्याच वेळी क्रय-विक्रयात वायफळ बोलणे आणि शपथा मिसळतात याची त्यांनी जाणीव करून दिली व त्याची भरपाई म्हणून दानधर्म करण्याचा उपदेश केला. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. पैगंबरांनी (स.) हा व्यवसाय बंद केला नाही. त्याला प्रतिष्ठा दिली आणि त्यातील दोषावर बोटही ठेवले.

इमाम बुखारी यांनी आपल्या ग्रंथात दलालाच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण योजले असून इब्ने सीरीन, अता, इब्राहीम नखई आणि हसन बसरी या ताबिईन विद्वानांना त्यात काही गैर वाटत नव्हते, अशी नोंद केली आहे. जो मनुष्य आपला वेळ खर्च करून दहा घरे दाखवितो, मालकाशी बोलणी करतो, कागदपत्रे मिळवितो, त्याच्या श्रमाला मोबदला हवाच. मात्र इस्लामी न्यायशास्त्राचा एक पक्का दंडक आहे : श्रमाचा मोबदला आधी ठरलेला आणि उभयपक्षी ज्ञात असावा. मोबदला अज्ञात असेल तर करार सदोष ठरतो. ठराविक रक्कम असो वा किमतीवर ठराविक टक्केवारी, ती सौद्यापूर्वी स्पष्ट झालेली असली पाहिजे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा समजून घ्यावा. ह. अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्या मते, मालकाने आपले कापड विकावयास देताना अमुक किमतीच्या वर जे मिळेल ते तुझे, असे सांगितले तर हरकत नाही. बहुसंख्य फकीह मात्र हा मोबदला अज्ञात असल्यामुळे असा करार मान्य करीत नाहीत. मतभेद आहे, परंतु दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. वरची रक्कम दलाल घेणार हे मालकाला ठाऊक आहे आणि त्याने तसे स्वतः सांगितले आहे. आज आपल्याकडे काय घडते? मालकाला ५५ लाख हवे असतात, दलाल खरेदीदाराला ५८ लाख सांगतो आणि मधले ३ लाख दोघांच्याही नकळत ठेवू पाहतो. वर दोघांकडून दलालीही घेतो. याला कोणत्याही मताचा आधार नाही. जो मालकाचा वकील, म्हणजे प्रतिनिधी म्हणून विकतो, त्याने मिळविलेली वाढीव किंमत मालकाची असते. आणि जो खरेदीदाराचा प्रतिनिधी म्हणून घेतो, त्याने मिळविलेली सूट खरेदीदाराची असते.

दलाली कोणी द्यावी?

हनफी फिकहमध्ये याचे उत्तर मोठ्या नेमकेपणाने दिलेले आढळते. अल्लामा इब्ने आबिदीन शामी यांच्या विवेचनानुसार, दलालाने मालकाच्या परवानगीने स्वतः वस्तू विकली असेल तर मोबदला विकणाऱ्याकडे लागतो. त्याने केवळ दोघांमध्ये धावपळ केली आणि विक्री मालकाने स्वतः केली, तर तेथील ‘उर्फ’ म्हणजे रूढी पाहावी : ती विकणाऱ्यावर असेल तर त्याने, घेणाऱ्यावर असेल तर त्याने, दोघांवर असेल तर दोघांनी द्यावा.

महाराष्ट्रातील शहरांत जुन्या घराच्या सौद्यात दोन्ही पक्षांकडून एक ते दोन टक्के घेण्याची रूढी आहे, आणि भाड्याच्या घरासाठी साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम घेतली जाते. रूढी म्हणून हे मान्य आहे. दोघांकडून घेणे हेही आपोआप अवैध ठरत नाही. अट एवढीच की, आपण दोघांमधील मध्यस्थ आहोत हे दोघांना माहीत असावे. खरेदीदाराला ‘मी तुमचाच माणूस’ असे सांगून विकणाऱ्याकडून गुपचूप घेणे ही वेगळी गोष्ट झाली. तेथे दलालीचे रूपांतर अमानतीच्या भंगात होते.

या संदर्भात इब्नुल लुत्बिया यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. त्यांना जकात वसूल करण्यासाठी पाठविण्यात आले होते. परतल्यावर त्यांनी काही माल बैतुलमालचा आणि काही आपल्याला भेट मिळालेला, अशी विभागणी केली. पैगंबर (स.) नाराज झाले आणि मिम्बरवरून त्यांनी लोकांपुढे असा सवाल ठेवला की, हा मनुष्य आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट आली असती काय? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. तो सरकारी कामगिरीविषयी आहे हे खरे, परंतु त्यातील कसोटी प्रत्येक विश्वस्ताने स्वतःला लावण्यासारखी आहे. खरेदीदाराने तुमच्यावर विश्वास ठेवून तुम्हाला सोबत नेले नसते, तर समोरच्या पक्षाने तुम्हाला ही रक्कम दिली असती काय? नसेल, तर ती रक्कम खरेदीदारापासून लपविण्याचा तुम्हाला काय अधिकार?

लपलेल्या दलालीचा खरेदीदारावर होणारा परिणाम

आता हिशेब पाहू. समजा, घराची किंमत ६० लाख आहे आणि खरेदीदाराने दोन टक्के दलाली मान्य केली आहे. ती १,२०,००० रुपये झाली. दलाल जीएसटीखाली नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २१,६०० रुपये. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क वेगळे. ज्याने पै-पै जोडून आगाऊ रक्कम उभी केली, त्याला शेवटच्या आठवड्यात हे १,४१,६०० रुपये कोठून आणावे हे सुचत नाही. कारण दलालीचा विषय टोकन देताना नव्हे, तर साठेखत करताना निघतो आणि तोपर्यंत मागे फिरण्याची वाट बंद झालेली असते.

दुसरी गोष्ट टक्केवारीच्या स्वभावाची आहे. खरेदीदाराने घासाघीस करून ६० लाखांचे घर ५७ लाखांना घेतले, तर त्याचे ३ लाख वाचतात; दलालाचे मात्र दोन टक्क्यांनी ६,००० रुपये कमी होतात. खरेदीदारासाठी कमी किंमत मिळविण्यात दलालाचा काडीचाही लाभ नाही, उलट तोटा आहे. सौदा लवकर आटोपण्यातच त्याचे हित. यासाठी दलाल वाईटच असला पाहिजे असे नाही. मोबदल्याची रचनाच अशी आहे. म्हणून ठराविक रकमेवर काम ठरविणे अनेकदा दोघांनाही अधिक न्याय्य पडते.

तिसरा प्रकार नव्या इमारतींचा. तेथे दलाली बांधकाम व्यावसायिक देतो आणि खरेदीदाराला सांगितले जाते की, तुमच्याकडून काही घ्यायचे नाही. समजा एक व्यावसायिक दोन टक्के देतो आणि दुसरा चार टक्के. ६० लाखांच्या घरावर दलालाला पहिल्याकडून १,२०,००० आणि दुसऱ्याकडून २,४०,००० मिळतील. तो आपणाला प्रथम कोणती इमारत दाखवील, हे सांगण्याची गरज नाही. आणि ते २,४०,००० आले कोठून? ते घराच्या किमतीतूनच आले, आणि किंमत आपण भरली. व्यावसायिकाचा दलाल म्हणून त्याने उघडपणे काम केले तर शरीअतची हरकत नाही; खरेदीदाराचा हितचिंतक असल्याचा देखावा करून केले तर ती फसवणूक आहे.

अमेरिकेतील एक बोधप्रद उदाहरण

लपलेल्या दलालीचा प्रश्न नियमांनी कसा निर्माण होतो आणि नियमांनीच कसा हाताळला जातो, याचे अलीकडील मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे घर विकणारा साधारणतः किमतीच्या पाच ते सहा टक्के दलाली देई, आणि ती त्याचा दलाल व खरेदीदाराचा दलाल यांच्यात वाटली जाई. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या दलालांच्या संघटनेचा नियम असा होता की, विक्रीचे घर सामाईक सूचीत नोंदविताना खरेदीदाराच्या दलालाला किती देणार हेही नमूद करावे. त्यामुळे आपल्याला दलाली द्यावी लागत नाही असेच कित्येक खरेदीदारांना वाटत असे. दलालांना मात्र कोणत्या घरावर किती मिळणार हे सूचीत दिसत असे. ही प्रथा दलालीचे दर चढे ठेवते आणि खरेदीदाराला अधिक दलालीच्या घराकडे वळविते, असा आक्षेप होता.

घर विकणाऱ्या काही लोकांनी दावा दाखल केला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील ज्यूरीने संघटनेविरुद्ध व काही मोठ्या कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन सुमारे १.७८ अब्ज डॉलरची नुकसानभरपाई ठरविली. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देण्याची व नियम बदलण्याची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले. आता खरेदीदाराच्या दलालाला मिळणाऱ्या रकमेचा प्रस्ताव सामाईक सूचीत देता येत नाही. घर दाखविण्यापूर्वीच दलालाने खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात मोबदला निश्चित लिहावा लागतो, तो वाटाघाटीने ठरतो हे स्पष्ट करावे लागते आणि ठरल्यापेक्षा अधिक रक्कम दलालाला कोणाकडूनही घेता येत नाही.

बदलाची दुसरी बाजूही आहे. विकणारा अजूनही खरेदीदाराच्या दलालाचा खर्च उचलू शकतो. पण त्याने नकार दिला तर तो भार खरेदीदाराच्या रोख रकमेवर पडतो. पहिल्यांदाच घर घेणाऱ्या, तुटपुंजी बचत असलेल्या कुटुंबाला हे जड जाते. म्हणजे पारदर्शकता आली म्हणून ओझे नाहीसे झाले असे नाही; ते कोणाच्या खांद्यावर आहे हे दिसू लागले. पण जे ओझे दिसते त्याविषयी बोलता येते, घासाघीस करता येते, नकार देता येतो. न दिसणाऱ्या ओझ्याविषयी यांपैकी काहीच करता येत नाही. राजीखुशीची कुरआनी अट येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेली दिसते.

आपल्याकडील कायदा काय सांगतो?

आपल्या देशात स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. त्याची दलालांविषयीची कलमे १ मे २०१७ पासून लागू आहेत. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा करते. या कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकण्यास साहाय्य करणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्याने हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी माहिती देऊ नये, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचे व्यवहार करू नयेत आणि खरेदीदाराला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत, अशी कर्तव्ये घालून दिली आहेत. ती मोडल्यास दररोज १०,००० रुपयांप्रमाणे, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकल्पाच्या दलालांची नावे व्यावसायिकाला नोंदणीच्या वेळी द्यावी लागतात. तसेच नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली आहे.

परंतु हा कायदा दलालीचा दर ठरवीत नाही. दलालासाठी त्याने घातलेली नोंदणीची सक्तीही नोंदणीकृत प्रकल्पांपुरतीच आहे. जुन्या इमारतीतील घराचा सौदा बहुतेक वेळा तोंडी शब्दावरच चालतो. तेथे कायद्याची जागा माणसाच्या ईमानाने आणि एका साध्या कागदाने भरून काढावी लागते. देण्याघेण्याचे मुदतीचे व्यवहार लिहून ठेवावेत व साक्षीदार करावेत, ही आज्ञा सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत विस्ताराने आलेली आहे. ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत असावी, यातही विचार करणाऱ्यास बोध आहे.

खरेदीदाराने काय करावे?

घर पाहण्यास निघण्यापूर्वीच दलालाला चार प्रश्न विचारावेत : आपण कोणाच्या वतीने काम करता? माझ्याकडून किती घेणार आणि केव्हा? समोरच्या पक्षाकडून किती घेणार? सौदा मोडला तर काय? उत्तरे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नवीन इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा आणि दलालाचा नोंदणी क्रमांक पडताळावा. दलाली देताना पावती घ्यावी. ओळखीचा आहे, जमातीतला आहे, नमाजी आहे, म्हणून विचारण्याचा संकोच करू नये. विचारणे हा अविश्वास नव्हे. त्यामुळे पुढील मनस्ताप आणि नातेसंबंधांतील कटुता टळते.

त्याचबरोबर खरेदीदाराने स्वतःच्या अंतरंगातही डोकावून पाहावे. दलालाने घर दाखविले, मालकाशी ओळख करून दिली, आणि मग दोघांनी परस्पर भेटून सौदा केला व त्याला वगळले, असे प्रकार आपल्या वस्त्यांत सर्रास घडतात. यात हुशारी मानली जाते. बुखारीतील एका हदीसनुसार, कियामतच्या दिवशी अल्लाह ज्या तीन माणसांविरुद्ध स्वतः फिर्यादी असेल, त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून पुरेपूर काम करून घेऊन त्याची मजुरी न देणारा. ज्या घरात आपण कुरआन पठण करणार, मुलांना वाढविणार, त्या घराच्या पायात एखाद्याची बुडविलेली मजुरी असावी काय?

दलालबंधूंनी काय करावे?

आपल्यापैकी अनेक तरुण आज या व्यवसायात आहेत. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की विकणारा व घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपविले तर बरकत पुसली जाते, हे पैगंबरांनी (स.) स्पष्ट केले आहे. घरात गळती असेल, भोगवटा प्रमाणपत्र नसेल, सोसायटीची थकबाकी असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. खोटा गिऱ्हाईक उभा करून किंमत वाढविणे हे ‘नजश’ असून ते निषिद्ध आहे. ‘संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन देणार आहे’ हे वाक्य खरे नसेल तर ते त्याच प्रकारात मोडते.

ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा पैगंबरांपुढे (स.) केली होती. त्यांच्यासाठी ३०० दिरहमला घोडा ठरविण्यात आला, तेव्हा त्यांनी घोडा पाहून मालकाला त्याची खरी किंमत अधिक असल्याचे स्वतः सांगितले आणि वाढवत वाढवत ८०० दिरहम दिले. इतकी उंची सर्वांना गाठता येणार नाही. परंतु आपला मोबदला आधी सांगणे, दोन्हीकडून घेत असल्यास दोघांना कळविणे आणि पावती देणे, एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे. ज्याची दलाली उघड आहे, त्याला ती मागताना नजर खाली घालावी लागत नाही.

वाचकहो, ज्यांच्या घरी येत्या काळात असा सौदा होणार आहे, त्यांनी आज रात्रीच कुटुंबात बसून वरील चार प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल कमाईचे, हलाल पैशाने उभे राहिलेले आणि शांतीने भरलेले घर प्रदान करो, आणि एकमेकांच्या विश्वासास पात्र होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.